रुमालाखालचा भाव



आजच्या व्याख्यानाचा विषय पत्रिकेवर ‘फुटबॉलपटूंचे करार आणि देकारांची गुप्तता’ असा छापला आहे. तो वाचून आमच्या एका जुन्या स्नेह्यांनी काल बाजारात आम्हांस थांबविले आणि विचारले, “भाऊ, बिडी कामगार सोडून आता फुटबॉल?” प्रश्न रास्त होता. आमचे शिक्षण सातवीपर्यंत. पुढचे जे काही झाले ते वाचनालयाच्या बाकावर आणि कामगार न्यायालयाच्या व्हरांड्यात. चेंडूला पाय लावल्यास आम्हांस चाळीस वर्षे होऊन गेली. तेव्हा हा विषय आमच्याकडे कसा आला ते आधी सांगणे भाग आहे.

दोन वर्षांपूर्वी एका भातगिरणीतील हमाल संध्याकाळी युनियनच्या कचेरीत आला. त्याचा मुलगा फुटबॉल चांगला खेळे. बाहेरगावच्या एका क्लबाने त्यास बोलाविले होते आणि कराराचा कागद पाठविला होता. कागद इंग्रजीत, आठ पाने. गावात कोणाचाही सरकारी कागद आला की तो वाचावयास आमच्याकडे येतो, तसाच हाही आला. शब्दकोश घेऊन आम्ही बसलो. सहाव्या पानावर एक कलम होते. देऊ केलेली रक्कम आणि कराराच्या अटी खेळाडूने कोणाही तिऱ्हाइताला सांगू नयेत, असा त्याचा आशय. आम्ही तो मराठीत सांगताच बाप घाबरला आणि म्हणाला, “मंग तुमाले दाखवला तं गुन्हा झाला का जी?”

आम्ही म्हटले, अजून सही झालेली नाही, तोवर ह्या कलमाने तुम्ही बांधले जात नाही. त्याचे समाधान झाले, आमचे झाले नाही. ज्याच्या पायांचा हा सौदा, त्यानेच त्याचा भाव कोणास सांगावयाचा नाही, हे कलम कोणाच्या सोयीसाठी? हा प्रश्न घेऊन आम्ही दोन वर्षे जे वाचले ते आज आपणांपुढे ठेवीत आहोत.

आपल्यातील वयस्कर मंडळींस बैलबाजारातील जुना सौदा आठवत असेल. दलाल आणि गिऱ्हाईक समोरासमोर उभे राहात, हातांवर रुमाल टाकीत आणि रुमालाखाली बोटे दाबून भाव ठरवीत. त्यास हत्ता म्हणत. धान्याच्या आणि कापसाच्या बाजारांतही ही रीत होती. बैल ज्याचा, तो शेतकरी दोन हात अंतरावर उभा. भाव काय चालला आहे हे त्याला बोटे दाबणाऱ्यांच्या चेहऱ्यावरून ओळखावे लागे, आणि त्या धंद्यात मुरलेल्यांचे चेहरे काही सांगत नसत. पुढे बाजार समित्यांचे कायदे झाले. महाराष्ट्राचा कायदा १९६३ सालचा. त्यांनी शेतमालाची विक्री उघड लिलावाने करण्याची रीत घातली. लिलावाचे अनेक दोष आहेत आणि ते शेतकऱ्यांकडून आम्ही रोज ऐकतो. तरी रुमाल गेला, हे मोठे काम झाले.

आता खेळाडूकडे येऊ. धंदेवाईक फुटबॉलमध्ये खेळाडू क्लबाशी ठराविक वर्षांच्या कराराने बांधलेला असतो. मुदत संपली की तो मोकळा, वाटेल त्या क्लबात जावे. हे आज साधे वाटते. परंतु १९९५ पर्यंत युरोपात तसे नव्हते. बेल्जियमच्या जाँ-मार्क बोस्मान नावाच्या खेळाडूचा लिएज येथील क्लबाशी असलेला करार १९९० साली संपला. त्याला महिना सरासरी एक लाख वीस हजार बेल्जियन फ्रँक मिळत होते. क्लबाने नवा करार देऊ केला तो तीस हजारांचा, म्हणजे चौथाईचा. तो त्याने नाकारला आणि फ्रान्समधील डंकर्कच्या क्लबाशी बोलणे केले. परंतु करार संपला असूनही जुन्या क्लबाच्या संमतीवाचून आणि त्याला मोबदला दिल्यावाचून जाता येत नसे, आणि तो सौदा फिसकटला. बोस्मान कोर्टात गेला. युरोपीय न्यायालयाने १५ डिसेंबर १९९५ रोजी त्याच्या बाजूने निकाल दिला: करार संपलेला खेळाडू युरोपीय संघातील दुसऱ्या देशाच्या क्लबाकडे जाताना जुन्या क्लबास त्याच्यासाठी पैसे मागता येणार नाहीत. त्याची स्वतःची खेळण्याची चांगली वर्षे ह्या खटल्यात गेली. निकालाचे पैसे पुढच्या पिढीने मोजले. कामगार चळवळीत हे आम्ही इतक्या वेळा पाहिले आहे की त्याचे नवल वाटेनासे झाले आहे.

तर खेळाडू मोकळा झाला. पण मोकळ्या माणसाजवळ असते काय? त्याच्याजवळ देकार असतात. एक देकार असेल तर तो देकार नव्हे, ती आज्ञा आहे. दुसरा आला की पहिल्यास किंमत येते. म्हणून मोकळ्या खेळाडूची सगळी शक्ती ह्या एका गोष्टीत आहे की दुसरा कोणी विचारीत आहे काय, आणि ते कोणास ठाऊक आहे. कलकत्त्याच्या फुटबॉलमध्ये विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात दलबदलाचे दिवस आले की मोठ्या क्लबांची माणसे खेळाडूंना उचलून नेऊन कोठेतरी दडवून ठेवीत, ते केवळ दुसऱ्या क्लबाचा निरोप त्यांच्या कानी पडू नये म्हणून. खाणे-पिणे उत्तम, बाहेर जाण्यास मात्र बंदी. सहीचा दिवस उलटला की मोकळीक.

उघड्या भावाने काय होते त्याचे एक उदाहरण आपल्याच राज्यातले आहे. १० जुलै २०१५ रोजी मुंबईत इंडियन सुपर लीगसाठी दहा भारतीय फुटबॉलपटूंचा लिलाव झाला. सुनील छेत्रीची मूळ किंमत ऐंशी लाख ठरविली होती. मुंबईच्या क्लबाने त्यास एक कोटी वीस लाखांस घेतले. युजीनसन लिंगदोह ह्या शिलाँगच्या खेळाडूची मूळ किंमत साडेसत्तावीस लाख. तो पुण्याच्या क्लबाकडे एक कोटी पाच लाखांस गेला. म्हणजे जवळजवळ चौपट. मनुष्य तोच, पाय तेच. माणसांचा लिलाव हा शब्द कानाला बरा लागत नाही, आम्हांसही लागत नाही. परंतु त्या दिवशी लिंगदोहला आपली किंमत कळली. दुसरे पुष्कळ खेळाडू आधीच ठरवून टाकलेल्या रकमेस पाळीपाळीने वाटून घेतले गेले. त्यांना ती कळली नाही.

ह्याच्या उलट पाकिटाची गोष्ट. ती क्रिकेटची आहे, पण घडली मुंबईतच. १९ जानेवारी २०१० रोजी आय.पी.एल.चा लिलाव झाला. एका खेळाडूवर साडेसात लाख डॉलरांपेक्षा अधिक बोली करावयाची नाही, असा त्या वर्षी नियम होता. वेस्ट इंडीजच्या कायरन पोलार्डसाठी चार संघ त्या मर्यादेस जाऊन भिडले. मग नियमाप्रमाणे प्रत्येकाने एक आकडा गुप्तपणे लिहून दिला. मुंबईचा आकडा मोठा निघाला आणि पोलार्ड मुंबईचा झाला. तो आकडा अधिकृतपणे जाहीर केला गेला नाही. पोलार्डला मिळावयाचे ते साडेसात लाखच. वरची रक्कम क्रिकेट मंडळाकडे गेली. म्हणजे त्या मनुष्याची खरी किंमत एका कागदावर लिहिली गेली, ती लिहिणाऱ्याने वाचली, घेणाऱ्याने वाचली. आणि ज्याची किंमत होती त्याच्यासाठी कागद मिटला. हत्त्यामध्ये निदान शेतकरी दोन हातांवर उभा तरी असे.

त्याच वर्षी रवींद्र जडेजा ह्या तरुण खेळाडूस हंगामभर आय.पी.एल. खेळण्यास बंदी झाली. राजस्थान संघाशी नवा करार न करता त्याने दुसऱ्या संघाशी परस्पर बोलणी केली, हा त्याचा अपराध. नियम होता, तो त्याने मोडला, शिक्षा झाली. ह्याबद्दल आमची तक्रार नाही. आमचे लक्ष वेधले ते नियमांच्या रचनेने. घेणाऱ्याचे गुप्त पाकीट हा नियम आणि विकणाऱ्याची गुप्त बोलणी हा गुन्हा!

येथे कोणी म्हणेल की पाकीट बंद असावेच लागते. खरे आहे. आपल्या जिल्ह्यात तेंदूपत्त्याचे घटक निविदेने विकले जातात. सरकारचा ह्या व्यापाराचा कायदा १९६९ चा. एका ठेकेदाराचा भाव दुसऱ्यास कळू नये म्हणूनच निविदा मोहोरबंद असते. कळला तर दुसरा एक रुपया वर टाकून घटक नेईल, आणि जंगलाची किंमत बुडेल. तरुणपणी दोन हंगाम आम्ही एका ठेकेदाराच्या फळीवर पुडे मोजून हिशेब लिहीत असू. सत्तर पानांचा पुडा, हजार पुड्यांचे पोते. त्या काळी एका रात्री आम्हांस चहा आणण्यासाठी म्हणून एका लॉजवर नेले होते. खोलीत पाच-सहा असामी बसल्या होत्या आणि मध्ये घटकांची यादी. हा तुझा, तो माझा, ह्याला मी कमी भरतो, त्याला तू भरू नकोस. दुसऱ्या दिवशी प्रत्येकाने आपले पाकीट लाखेने बंद करून पेटीत टाकले. लाख पक्की होती. सरकारी अधिकाऱ्याने ती सर्वांसमक्ष तपासून फोडली. पाकिटे सर्वांस बंद होती, फक्त ज्यांनी ती एकमेकांस बंद ठेवावयाची त्यांना उघडी होती.

तेव्हा गुप्तता चांगली की वाईट, हा प्रश्नच आम्हांस चुकीचा वाटतो. गुप्तता कोणापासून, हे विचारले पाहिजे. खरेदीदारांनी आपले आकडे एकमेकांपासून झाकावेत, त्याने विकणाऱ्याचे भले होते. त्यांनी ते आपसांत उघडे करून विकणाऱ्यापासून झाकले, की तोच रुमाल.

हे अमेरिकेत अगदी कागदोपत्री सिद्ध झाले आहे. तेथील बेसबॉल म्हणजे आपल्या क्रिकेटचा लांबचा भाऊबंद. १९६६ साली लॉस एंजेलिसच्या संघातील कोफॅक्स आणि ड्रिस्डेल ह्या दोन गोलंदाजांनी एकजूट करून सांगितले की दोघांना मनासारखे मिळेल तरच आम्ही सही करू. मालक चिडले आणि पुढे करारात कलम मागू लागले की खेळाडूंनी असे संगनमत करू नये. त्याच वर्षी खेळाडूंच्या युनियनची सूत्रे मार्व्हिन मिलर ह्यांनी घेतली होती. हे पोलाद कामगारांच्या युनियनमधून आलेले गृहस्थ. ते म्हणाले, ठीक, पण मग मालकांनीही आपसांत संगनमत करू नये असे त्याच कलमात लिहा. मालकांनी लिहिले. त्यांना वाटले, काय बिघडते! मिलर ह्यांच्या ह्या एका वाक्यावर आम्ही पुष्कळ विचार केला आहे. मालक तुमच्यासाठी जे कुंपण घालतो त्याची दुसरी बाजू त्याच्याकडून लिहून घ्यावी.

पुढे ते कलम कामास आले. १९८५ च्या हंगामानंतर मोकळ्या झालेल्या नामांकित खेळाडूंना एकाएकी कोणी विचारीनासे झाले. जुना क्लब नको म्हणेपर्यंत दुसरा क्लब पुढे येईना. आन्द्रे डॉसन नावाच्या खेळाडूने तर १९८७ च्या मार्चमध्ये शिकागोच्या क्लबास कोरा करार नेऊन दिला आणि सांगितले, आकडा तुम्ही भरा. आदल्या वर्षी त्याला दहा लाख डॉलरांवर मिळत होते. क्लबाने पाच लाख लिहिले, आणि वर काही बक्षिसे. त्याच वर्षी तो आपल्या लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला! पुढच्या हिवाळ्यात मालकांनी आणखी एक युक्ती केली. त्यांनी देकारांची एक पेढीच काढली. कोणत्या खेळाडूला आपण काय देऊ केले हे प्रत्येक क्लबाने तेथे कळवावयाचे आणि दुसऱ्याने तेथून पाहून घ्यावयाचे. खेळाडूंना ह्या पेढीत प्रवेश नव्हता. युनियन लवादाकडे गेली. एकामागून एक तिन्ही हंगामांबद्दल निकाल मालकांविरुद्ध लागले, आणि १९९० साली अठ्ठावीस कोटी डॉलर देऊन त्यांना तडजोड करावी लागली.

इथवर सर्व आमच्या सोयीचे झाले. मालक वाईट, कामगार भोळा. सभेत टाळ्या पडतात. परंतु ह्या वाचनात आम्हांस एक गोष्ट अशी सापडली की ती वाचून आम्ही पुस्तक मिटून बराच वेळ बसलो होतो.

अमेरिकन फुटबॉल हा आपल्या फुटबॉलपेक्षा वेगळा खेळ आहे. चेंडू बहुतेक हातातच असतो. त्यांच्या खेळाडूंनी १९८२ साली सत्तावन्न दिवस संप केला आणि इतर गोष्टींबरोबर एक हक्क मिळविला: प्रत्येक खेळाडूच्या कराराची प्रत युनियनला पाहावयास मिळावी. त्यामुळे शेजारच्या खेळाडूस काय मिळते हे कळू लागले. असल्या युनियनबद्दल आम्हांस आदर होता. पुढे २०२२ साली ह्याच युनियनने तक्रार केली की खेळाडूंना हमीची रक्कम देऊ नये असे मालक संगनमताने ठरवीत आहेत. लवाद क्रिस्टोफर ड्रोनी ह्यांनी २०२५ च्या जानेवारीत एकसष्ट पानी निकाल दिला. मालकांनी प्रत्यक्ष संगनमत केल्याचे सिद्ध झाले नाही. परंतु हमीच्या रकमा कमी करा असे लीगने मालकांना सुचविले होते, असे त्यात म्हटले होते. आता हा निकाल युनियनने छापून प्रत्येक खेळाडूच्या हातात द्यावयास हवा होता. युनियनने आणि लीगने मिळून तो गुप्त ठेवला. जूनमध्ये पाब्लो टोरे ह्या पत्रकाराने तो बाहेर काढला, तेव्हा ज्यांच्यासाठी खटला लढविला त्यांना तो वाचावयास मिळाला. पुढच्या महिन्यात युनियनच्या प्रमुखांनी राजीनामा दिला. त्यांच्यावर दुसरेही आक्षेप होते, ते येथे नकोत.

आम्ही पुस्तक मिटले ते अशासाठी की असे काम आमच्या हातूनही झाले आहे.

गोष्ट पंधरा-सोळा वर्षांपूर्वीची. जिल्ह्यातील चार बिडी कारखान्यांत एकाच वेळी दरवाढीची बोलणी चालू होती. एका कारखान्याच्या मालकाने आम्हांस घरी बोलाविले, दार लावून घेतले आणि हजार बिडीमागे आमच्या अपेक्षेहून चार रुपये अधिक देण्याचे कबूल केले. अट एकच. बाकीचे तीन कारखाने मिटेपर्यंत हे ह्या खोलीबाहेर जाऊ नये. नाही तर त्याचे धंदेबंधू त्याच्यावर रागावतील. आम्हांस वाटले, आपल्या माणसांचे चार रुपये पदरात पडतात, आठ दिवस तोंड बंद ठेवण्यात काय बिघडते? आणि खरे सांगावयाचे तर, मालकाने आपणांस विश्वासात घेतले ह्याचाही थोडा अभिमान वाटला. त्या आठ दिवसांत दुसऱ्या तीन कारखान्यांतील बाया जुन्या बोलीवर अंगठे देऊन मोकळ्या झाल्या. त्यांचा करार तीन वर्षांचा होता.

मग आकडा बाहेर आला. दुसऱ्या कारखान्यातील एक वयस्कर बाई कचेरीत आली. ती ओरडली नाही. तिने विचारले, “भाऊ, तुमाले मालूम होतं ना?” आम्ही हो म्हटले. ती थोडा वेळ उभी राहिली आणि निघून गेली. पुढली तीन वर्षे ती वर्गणी भरीत होती. सभेला मात्र आली नाही.

तिच्या दर हजाराचे चार रुपये आम्ही राखलेल्या गुपितात गेले. मालकाने खोटे सांगितले नव्हते. त्याने आपल्या माणसांना चार रुपये दिले. त्याने आम्हांस लाच दिली नव्हती. त्याने फक्त रुमालाचे एक टोक आमच्या हातात दिले होते, आणि आम्ही ते धरले.

म्हणून देकाराविषयी आमचे आजचे मत असे आहे की तो ज्याला दिला त्याचा. त्याने तो सांगावा अथवा झाकावा. बोलणी चालू असता खेळाडू आपला आकडा झाकून ठेवील तर तो त्याचा डाव आहे, त्याला पत्रकाराने किंवा युनियननेही खेचून उघडे करू नये. परंतु तो झाकण्याची सक्ती घेणाऱ्याने कलम घालून करावयाची नाही. आणि युनियनचे म्हणाल तर तिला असा देकार कधीच मिळत नसतो. तिच्या हाती आलेला प्रत्येक देकार दुसऱ्या कोणाचा तरी असतो.

त्या हमालाच्या मुलाचे काय झाले, हे विचारावयाचे कोणाच्या तरी मनात असेल. आम्ही त्यास सांगितले की आठ दिवस मागून घे आणि तुझ्याबरोबर ज्यांना कागद आला त्यांच्याशी बोल. तसे आणखी दोघे निघाले. तिघांच्या कागदांत ते कलम होते आणि तिघांचे आकडे वेगवेगळे. आमच्या मुलाचा सर्वांत कमी. खेळ कमी म्हणून नव्हे, बाप विचारणार नाही म्हणून. तिघांनी मिळून क्लबास पत्र लिहिले. मुलाचा आकडा मधल्याइतका झाला. कलम मात्र राहिले, आणि सही करून तो गेला. त्यामुळे त्याचा आकडा आम्ही आज येथे सांगू शकत नाही.

आता थोडे तेंदूपत्त्याचे, कारण थोड्याच दिवसांत आपल्यापैकी अनेकांची घरे पहाटे रिकामी होऊन जंगलात जातील. वनहक्कांचा कायदा २००६ सालचा. त्याच्या आधारे २०१३ पासून गोंदिया आणि गडचिरोली जिल्ह्यांतील काही ग्रामसभांनी आपला पत्ता स्वतः विकण्यास आरंभ केला. एका गावी निविदा उघडताना आम्ही हजर होतो. पाकिटे बंद आली, आणि ती गावासमोर, बाया खाली बसलेल्या, पोरे झाडावर चढलेली, अशी फोडली गेली. प्रत्येक आकडा मोठ्याने वाचला आणि फळ्यावर लिहिला. एका ठेकेदाराच्या माणसाने हळूच सुचविले की आपले पाकीट अध्यक्षांनी घरात पाहावे. अध्यक्ष एक म्हातारा गोंड होता. तो म्हणाला, घरात अंधार आहे.

आमच्या युनियनमध्येही त्या बाईच्या प्रसंगानंतर ठराव झाला आहे. मालकाकडून येणारा लेखी देकार त्याच संध्याकाळी सर्व कारखान्यांच्या फाटकांवर वाचून दाखवावयाचा, मग तो कोणत्याही कारखान्याचा असो. गेली काही वर्षे तो आम्ही पाळीत आलो आहोत. त्याचा एक परिणाम असा झाला आहे की मालक मंडळी आता लेखी देकार देत नाहीत. ते फोनवर बोलतात, किंवा चहाला बोलावून बोलता बोलता एखादा आकडा सोडून देतात आणि दुसऱ्या दिवशी विचारले की म्हणतात, मी असे बोललोच नाही. तोंडी आकडा फाटकावर कसा वाचावा, ह्यावर आमच्या कार्यकारिणीत तीन बैठका झाल्या आहेत. चौथी येत्या रविवारी आहे. ज्यांना काही सुचत असेल त्यांनी यावे. सभासद असण्याची अट नाही.